डोनर फंडाच्या हिशोबाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग, पणजी : साडेतीन स्टार, त्यातले तीन एकट्या दुसऱ्या दिवसाचे

संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण शेवटी जी तक्रार आहे ती माझी आणि त्यांची आहे, ती चव्हाट्यावर आणायची मला हौस नाही. पण अशा ट्रेनिंगला पैसे भरावेत का, कोणी जावं, काय पदरात पडतं हे मला जायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं आणि कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. पाटोवरच्या एका हॉटेलचा हॉल, तीन दिवस, फी बारा हजार अधिक जीएसटी म्हणजे १४,१६० रुपये, दोन वेळचा चहा आणि जेवण त्यात धरून. विषय असा की आंतरराष्ट्रीय शेती संशोधनासाठी जो परदेशी पैसा येतो तो कुठून येतो, कसा वाटला जातो, आणि त्याचा हिशोब कसा ठेवायचा आणि द्यायचा.

मी फोंड्याची. बी.कॉम. करून आधी एका होलसेल दुकानात टॅली बडवली आणि आता सात वर्षं तिसवाडीतल्या एका छोट्या ट्रस्टमध्ये अकाउंट्स बघते. आम्ही सहाजण. खाजन शेतात, म्हणजे खाडीच्या बांधाआतल्या खाऱ्या जमिनीत, खारटपणा सोसणाऱ्या भाताचे ट्रायल प्लॉट शेतकऱ्यांच्या शेतात घेतो, शेजारी आपलं जुनं कोरगुट लावतो आणि कुठलं तगतं ते मोजतो. एका आंतरराष्ट्रीय केंद्राबरोबर करार आहे, पैसे डॉलरमध्ये येतात. फायनान्स डिपार्टमेंट म्हणजे मी, एक लोखंडी कपाट, आणि जुन्या घराच्या बलकांवाला, म्हणजे ओसरीला, लागून असलेली खोली, जिथे पावसात फायलींना बुरशी येते. तर हे सगळं ज्याला लागू आहे त्याने पुढे वाचा, बाकीच्यांनी जेवणाबद्दल वाचायचं तर थेट खाली जा.

फोंड्याहून कदंबाच्या शटलने येत होते. स्टँडवर उतरून पाटोला चालत पाच-सात मिनिटं, त्यामुळे पार्किंगची कटकट नाही, जे गाडी घेऊन आले ते रोज वीस मिनिटं उशिरा यायचे. हॉल चांगला, एसी मात्र १८ वर आणि रिमोट कुणाकडे आहे ते तिन्ही दिवस कुणाला सापडलं नाही. आम्ही बावीसजण होतो, गोव्यातले सातआठ, बाकी सिंधुदुर्ग, बेळगाव, पुण्याकडचे. एका टेबलावर पाच असं बसवलं होतं ते बरं केलं, माझ्या टेबलावर कुडाळचे एक दादा होते आंब्या-काजूवर काम करणारे, त्यांच्यामुळे दिवस निघाले.

पहिला दिवस. एक सर, मोठे कन्सल्टंट, सूट घालून, ९४ स्लाइड्स. मी खोटं बोलणार नाही, पहिला तासभर मला खरंच आवडलं कारण आपल्याकडे येणारे पैसे वर कुठल्या नळातून निघतात हे सात वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. सीजीआयएआर म्हणून जगभरातल्या शेती संशोधन केंद्रांचं जाळं आहे, १९७१ साली सुरू झालं, फिलिपिन्समधलं भाताचं इरी, मेक्सिकोतलं गहू-मक्याचं सिमिट, आपल्या हैदराबादजवळचं पाटणचेरूचं इक्रिसॅट ही सगळी त्यातली. इरी तर त्याच्याही आधीचं, १९६० चं, फोर्ड आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर उभं राहिलेलं. एकेकाळी १५ केंद्रं होती, मध्ये काहींची लग्नं लागली आणि आता १३ आहेत. सुरुवातीच्या काळात पैसे देणारे देश म्हणायचे की हे घ्या, काय संशोधन करायचं ते तुम्ही शास्त्रज्ञ लोक ठरवा, आणि मग हळूहळू पैशाला दोरी बांधून यायला लागली, हे पैसे फक्त या पिकासाठी, हे फक्त त्या देशात, हे फक्त तीन वर्षांत. २०१० च्या सुमाराला सगळा घोळ आवरायला एक सामायिक फंड काढला, त्याची ट्रस्टी वर्ल्ड बँक, आणि त्याला तीन खिडक्या. विंडो वन, टू, थ्री.

इथे सरांनी चौकोन, बाण, रंगीत वर्तुळं असलेल्या अकरा स्लाइड दाखवल्या आणि अर्धा हॉल झोपला. कुडाळचे दादा मला हळूच म्हणाले, ताई तुम्हाला काही कळलं का. मी म्हटलं दादा, फोंड्याच्या माणसाला हे कळायला स्लाइड लागत नाही. देवळात दानपेटी असते ना, तिच्यात टाकलेला पैसा कमिटी कुठेही वापरते, ती विंडो वन. कुणी पावती फाडताना म्हणतो की हे अन्नदानासाठी, आता अन्नदान कधी आणि किती ते तुम्ही बघा, ती विंडो टू. आणि तिसरा मुंबईहून येतो तो म्हणतो मला गर्भागाराच्या दाराला चांदी लावायची आहे, अमुक कारागीर, अमुक वजन, आणि खाली माझ्या वडिलांचं नाव, ती विंडो थ्री. शिवाय कमिटीच्या फंडाला वळसा घालून एखाद्या घराण्याशी थेट करार करणारे असतात ते बायलॅटरल. दादा म्हणाले मग झाडणाऱ्या बाईचा पगार आणि लाइटचं बिल कुठल्या खिडकीतून. मी म्हटलं दादा, तोच तर सगळा प्रॉब्लेम आहे, चांदीला दहाजण उभे, लाइटबिलाला कोणी नाही.

हे एवढं बोलून झालं तोवर सर एफसीआरएवर, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यावर आले आणि इथे माझा पारा चढला. स्लाइडवर लिहिलेलं की मोठी लीड संस्था परदेशी पैसा घेऊन तो छोट्या पार्टनर संस्थांना सब-ग्रँट म्हणून देऊ शकते, आणि ॲडमिन खर्चाची मर्यादा ५० टक्के. अहो, सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून नोंदणी असलेली संस्थासुद्धा आपल्याला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, समोरच्याकडे नोंदणी असली तरी नाही, आणि ॲडमिनची मर्यादा २० टक्क्यांवर आली. हे मला पुस्तकातून माहीत नाही, आमच्या अंगावरून गेलंय. आम्हाला आधी पुण्यातल्या एका संस्थेमार्फत पैसे यायचे, ते एका फटक्यात बंद झाले, मग स्वतःची नोंदणी काढायची तर तीन वर्षांचं काम दाखवा, मागच्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवा, दिल्लीला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडा, या सगळ्यात एक अख्खा हंगाम कोरडा गेला, ट्रायल प्लॉटवर त्या वर्षी आम्ही काहीच मोजलं नाही. आणि इथे बारा हजार घेऊन जुनी स्लाइड. मी हात वर केला, सांगितलं. सर म्हणाले, गुड पॉइंट, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी ते फोनवर होते. माझ्या मागच्या टेबलावर दोन नवीन मुली होत्या त्या सगळं वहीत उतरवून घेत होत्या, त्यांना मी जाऊन सांगितलं की बायांनो ते पान फाडा.

म्हणून पहिल्या दिवसाला अर्धा स्टार, तोही इतिहासाला.

आता दुसरा दिवस. यासाठी मी हे सगळं लिहितेय.

मॅडम साधारण पासष्टीच्या, परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय केंद्राच्या फायनान्स विभागात आयुष्य काढलेल्या, मूळ कारवारच्या, मराठी बोलताना मध्येच कोंकणीत घसरणाऱ्या. लॅपटॉप उघडलाच नाही. एक प्लास्टिकची पिशवी आणली होती, ती प्रत्येक टेबलावर थोडी थोडी रिकामी केली, आत व्हाउचर. म्हणाल्या तुम्ही डोनरचे ऑडिटर आहात, यातलं काय पास करणार आणि काय उडवणार ते अर्ध्या तासात ठरवा. बस एवढंच.

आमच्या वाट्याला जे आलं ते सांगते. लावणीच्या १४ बायकांची मजुरीची यादी, प्रत्येकी ४५० म्हणजे ६,३००, समोर अंगठे. एका जेवणाचं बिल, फिश थाळी नऊ, आणि त्याला टोचलेल्या मीटिंगच्या हजेरीवर सह्या सात. होडीवाल्याला दिलेले ३०० रुपये, वहीच्या फाटक्या कागदावर नुसतं होडी असं लिहिलेलं. आणि एक कोरा करकरीत पांढरा कागद, दोन्ही बाजूंनी कोरा. आम्ही म्हटलं हा चुकून आलाय. मॅडम म्हणाल्या चुकून नाही आला, हे पेट्रोलचं बिल आहे, पंपावरच्या मशीनचा कागद, सहा महिन्यांत शाई उडते, तुमच्या फायलींत असे किती आहेत घरी जाऊन बघा, आणि यापुढे आल्या दिवशी झेरॉक्स काढायची आणि दोन्ही एकत्र टोचायचे. मी घरी जाऊन बघितलं. सांगत नाही किती निघाले ते.

मजुरीच्या यादीवर आमचं टेबल भांडलं. पुण्याकडचे एकजण म्हणाले सगळे अंगठे सारखेच दिसतात, बोगस आहे, उडवा. मला ते झोंबलं कारण आमच्याकडे अशाच याद्या असतात. चिखलात उभ्या बाईला बांधावर बोलवून सही माग, ती म्हणते बाये, म्हाका सय करपाक येना, मग हात पुसायचा, शाई लावायची, शाई चिखलात मिसळते आणि जो उमटतो तो अंगठा कुणाचाही वाटू शकतो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, यादी कुणी लिहिली. सुपरवायझरने. पैसे कुणी वाटले. सुपरवायझरने. काम झालं असं कुणी लिहून दिलं. त्यानेच. म्हणाल्या, अंगठा खरा की खोटा हे मी परदेशात बसून कधीच सांगू शकणार नाही, पण एकाच माणसाने यादी लिहिली, पैसे वाटले आणि काम पास केलं हे मला कागदावर दिसतं, आणि मी त्यावर पैसे कापते. दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या, शेताच्या मालकाची घ्या, आणि दिवस, प्लॉट नंबर, काम काय हे लिहा. इतकं साधं. माझी यादी खरी आहे हे सात वर्षं मी ऑडिटरला ओरडून सांगत होते, पण कागदावर ते खरं दिसायला काय लागतं हे त्या दिवशी कळलं.

मग टाइमशीट. हा भाग माझ्या बदनामीचा आहे पण लिहिते. आधी आमच्याकडून नमुने मागवले होते, नावं झाकून त्यांनी पडद्यावर एक शीट लावली. महिन्याचे तीस दिवस, प्रत्येक दिवशी आठ तास, सगळे एकाच प्रोजेक्टवर. मॅडम म्हणाल्या बघा, काय माणूस आहे, चतुर्थीच्या दिवशीसुद्धा आठ तास भाताची मोजणी करत होता. गोव्यातला माणूस चतुर्थीला! हॉल हसून हसून लोळला. मीपण हसले, कारण शीट आमची होती, आमच्या फील्डवरच्या मुलाची आणि खाली तपासलं म्हणून सही माझी. त्यांनी समजावलं ते असं की टाइमशीट म्हणजे हजेरी नव्हे, पगाराचा किती हिस्सा कुठल्या डोनरने द्यायचा याचा पुरावा आहे ती. आमचा तो मुलगा अर्धा वेळ बांधाच्या आणि मानशीच्या, म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आतबाहेर सोडायच्या दाराच्या, कामात असतो जो प्रोजेक्ट वेगळा, आणि आम्ही बजेटमध्ये शंभर टक्के एकीकडे लिहिलंय म्हणून शीटपण शंभर टक्के भरतो, म्हणजे बजेट बघून टाइमशीट, उलटा कारभार. हे जर ऑडिटरने धरलं तर त्याचा वर्षभराचा पगार नामंजूर होऊ शकतो, फक्त चतुर्थीचा नाही. जेवताना मला घास जात नव्हता.

जेवणाचं आलंच तर सांगून टाकते, बुफे होता, सुंगटांची करी ठीक, सोलकढी पाणचट, व्हेजवाल्यांना तिन्ही दिवस तेच पनीर. हॉटेलच्या मानाने बरं पण पाटोवरून जरा पुढे चालत गेलात तर दीडशेत याहून चांगली थाळी मिळते.

दुपारी एक्स्चेंज रेट. यासाठी मी आले होते, कारण मागच्या वर्षी आमच्या रिपोर्टवर १८८ डॉलरची क्वेरी आली होती आणि मी तीन आठवडे रात्री झोपेत आकडे बडबडत होते असं आमचे हे सांगतात. झालेलं असं की पहिला हप्ता १५,००० डॉलर ८३.२० ने आला, म्हणजे १२ लाख ४८ हजार. दुसरा तेवढाच, पण ८५.६० ने, म्हणजे १२ लाख ८४ हजार. तोपर्यंत आमचा खर्च झाला होता १४ लाख. मी काय केलं, दोन्ही रेटची सरासरी काढली ८४.४०, त्याने भागलं, १६,५८७ डॉलर आणि वर काही सेंट खर्च म्हणून रिपोर्ट पाठवला. मॅडमनी फळ्यावर माझं उदाहरण घेतलं. म्हणाल्या तुझ्या करारात लिहिलंय की जो पैसा आधी आला तो आधी खर्च झाला असं धरायचं, मग पहिले १२ लाख ४८ हजार म्हणजे पहिले १५,००० डॉलर पूर्ण संपले, उरलेले १ लाख ५२ हजार दुसऱ्या हप्त्यातून गेले, त्यांना ८५.६० ने भाग, १,७७५ डॉलर ७० सेंट. एकूण १६,७७५.७०. फरक बघ. १८८ डॉलर. मी वहीत तीनदा तपासलं, तंतोतंत. कुणी पैसे खाल्ले नव्हते, काही हरवलं नव्हतं, फक्त मी करारातलं एक पान वाचलं नव्हतं.

आणि हे प्रत्येक डोनरचं वेगळं हे पण तिथेच कळलं. युरोपियन युनियनचा स्वतःचा महिन्याचा रेट असतो, इन्फॉरयुरो म्हणतात, आणि रेट पडल्यामुळे तुमचा तोटा झाला तर तो खर्च म्हणून ते धरतच नाहीत, तुमचा तुम्ही सोसा. बँकेतलं व्याज घ्या. एफसीआरएच्या दृष्टीने परदेशी पैशावरचं व्याजपण परदेशी पैसाच, ते उचलून दुसऱ्या खात्यात टाकता येत नाही. अमेरिकन सरकारचा पैसा असेल तर वर्षाला ५०० डॉलरवरचं व्याज त्यांना परत. मी तर व्याज इतकी वर्षं इतर उत्पन्न म्हणून एका ओळीत टाकून मोकळी व्हायची.

मग ओव्हरहेड, म्हणजे आमच्या भाषेत लाइटबिलाची खिडकी. युरोपियन युनियन सात टक्के देते, अमेरिकन सरकारी पैशात ज्यांचा स्वतःचा ठरलेला रेट नाही त्यांना दहा टक्के मिळायचे ते ऑक्टोबर २०२४ पासून पंधरा झाले, गेट्स फाउंडेशन एनजीओला पंधरापर्यंत. ऐकायला बरं वाटतं, पण मॅडमनी जे दाखवलं ते मला कुठल्याही सीएने दाखवलं नव्हतं. डोनरचं इनडायरेक्ट, म्हणजे हाच ओव्हरहेड, आणि एफसीआरएचं ॲडमिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोनर म्हणतो अकाउंटंटचा पगार तू डायरेक्ट कॉस्टमध्ये टाक, ऑफिसचं भाडं पण थोडं टाक, आणि वर पंधरा टक्के घे, आपण खूश. पण एफसीआरए मोजताना तो पगार, ते भाडं आणि ते पंधरा टक्के सगळं ॲडमिनच्या २० टक्क्यांत येऊन बसतं आणि बघता बघता मर्यादा ओलांडली जाते, डोनर खूश आणि गृह मंत्रालय नाराज. उलट एक सूट आहे जी आम्ही वापरतच नव्हतो, मुख्यतः संशोधन किंवा ट्रेनिंग करणाऱ्या संस्थेत फील्डवरचा डेटा गोळा करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांचे पगार ॲडमिनमध्ये धरत नाहीत. आमची दोन पोरं दिवसभर चिखलात उभी राहून लोंब्या मोजतात, रिडिंग घेतात आणि मी त्यांचा पगार इमाने इतबारे ॲडमिनमध्ये टाकून आमचेच टक्के वाढवत होते. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सीएना फोन केला, ते म्हणाले हो असं आहे खरं. मग आधी सांगायचं ना!

पाच वाजता सगळे उठायच्या तयारीत आणि मॅडम म्हणाल्या एक शेवटचं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवायचा आदेश काढला, मग धडाधड स्टॉप वर्क ऑर्डर आल्या, अमेरिकन विद्यापीठांमधल्या शेती संशोधनाच्या मोठ्या लॅब्जचं काम अर्ध्यावरच थांबलं, आणि १ जुलैला यूएसएआयडी, म्हणजे परदेशी मदत वाटणारी अमेरिकन सरकारी संस्थाच बंद. ब्रिटननेपण त्याच फेब्रुवारीत सांगितलं की २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणणार. म्हणाल्या, शेतात भात उभं आहे, रिडिंगचे पंधरा दिवस राहिलेत आणि मेल येते की आजपासून एक पैसा खर्च करू नका, भाताला कोण सांगणार थांब म्हणून. मोठ्या केंद्रांमध्ये म्हणे राखीव पैसा किती दिवस पुरेल हे दिवसांत मोजतात, ७५ ते ९० दिवस असला तर तब्येत ठीक. तुमच्या संस्थेचा आकडा काढा, परदेशी प्रोजेक्टचा पैसा धरू नका, तो राखीव म्हणून ठेवताच येत नाही. मी मोबाइलवर काढला. बियाण्याची विक्री, देणग्या, सगळं मिळून १९ दिवस. कुडाळच्या दादांचे अकरा. आम्ही एकमेकांना फोन दाखवले आणि बंद करून ठेवले.

एक प्रश्न मी विचारला होता जो माझ्या डोक्यात दोन वर्षं होता. पावसात रात्री बांधाला भगदाड पडतं, भरती सकाळी सहाला, खारं पाणी आत आलं तर ट्रायल प्लॉटच काय पूर्ण वाड्याची शेती दोन-तीन वर्षं गेली, अशा वेळी तीन कोटेशन कुठून आणू. बारा माणसं, माती, बांबू, रात्रीत रोख पैसे. मला वाटलं त्या नियम वाचून दाखवणार. त्या म्हणाल्या बांध आधी बांध, पण उजाडल्यावर त्याच दिवशी एक पान लिही, काय झालं, किती वाजता, कोण आलं, कोटेशन का घेतलं नाही, फोटो जोड, आणि डोनरला त्याच दिवशी मेल टाक, महिन्याने टाकलीस तर ती सबब होते. एका माणसाला एका दिवसात दहा हजारावर रोख देऊ नकोस, ते इन्कम टॅक्समध्ये अडकतं. बजेटच्या एका ओळीतून दुसरीकडे दहा टक्क्यांपर्यंत हलवायची मुभा बऱ्याच करारांत असते, तुझ्यात आहे का बघ. मी बघितलं, आहे. पान चारवर.

मला नंतर शटलमध्ये वाटलं की आपल्याकडे हे नवीन नाहीच. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि त्यातला पैसा बांधाच्या डागडुजीला जायचा, ही पण दोरी बांधलेली ग्रँटच की. फक्त तिथे भगदाड आणि पैसा एकाच गावात होते.

तिसरा दिवस पटकन सांगते कारण त्यात सांगण्यासारखं नाही. एका सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा मुलगा आला, डोनरवाइज रिपोर्ट एका क्लिकवर वगैरे, वर्षाची फी माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. म्हणजे आम्ही पैसे देऊन जाहिरात बघितली. मी विचारलं की पहिला आला तो पहिला खर्च या हिशोबाने डॉलर काढून देतं का, तर म्हणाला रोडमॅपमध्ये आहे. टॅलीत कॉस्ट सेंटर नीट लावले की आमच्यासारख्यांचं काम भागतं, मॅडमपण आदल्या दिवशी तेच म्हणालेल्या. मॅडम त्या दिवशी नव्हत्याच. पेनड्राइव्हवर एक्सेलचे टेम्प्लेट दिले त्यातला बजेट-खर्चाचा चांगला आहे, पण एका रकान्याची बेरीज शेवटच्या दोन ओळी सोडून होते, वापरण्याआधी दुरुस्त करा.

तर कोणी जावं. ज्यांच्याकडे परदेशी पैसा येतोय किंवा येणार आहे आणि अकाउंट्स एकच माणूस बघतो त्यांनी जावं, पण आधी फोन करून विचारा की व्हाउचरवालं सेशन कोण घेणार, मॅडम नसतील तर नका जाऊ. फक्त दुसऱ्या दिवसाची वेगळी फी लावा म्हणून मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय. ट्रस्टच्या विश्वस्तांनी पण त्या एका दिवसाला बसायला हवं, आमच्यापैकी एकजण पण आले नाहीत, त्यांना वाटतं हिशोब म्हणजे बाईने कपाटात लावायच्या फायली.

आता तक्रार, ज्यामुळे आणखी अर्धा स्टार द्यायचा राहिला. ट्रेनिंग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आमचं प्रोजेक्ट वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि ही फी आम्ही त्यातल्या क्षमतावर्धनाच्या ओळीतून भरली, आगाऊ, बँकेतून. बिल मागितलं तर म्हणे मेलने पाठवतो. चार दिवसांनी जे आलं त्यावर ट्रस्टचं नाव चुकीचं, आणि जीएसटी नंबरचा रकाना रिकामा. परत मेल. परत फोन. फोनवर एक मुलगी, फार गोड बोलायची, मॅम आमचे अकाउंट्सचे सर रजेवर आहेत. डोनरचा हिशोब शिकवणाऱ्यांचे अकाउंट्सचे सर! शेवटी दुरुस्त बिल आलं ते २४ ऑक्टोबरच्या तारखेचं, म्हणजे आमचं वर्ष संपल्यानंतरचं. मला आता माहीत आहे की बिलाची तारीख पुढची असली तरी ट्रेनिंग त्या वर्षात झालं हे दाखवता आलं तर चालतं, म्हणून म्हटलं सर्टिफिकेट जोडू. सर्टिफिकेट काढून बघितलं, सोनेरी बॉर्डर, दोन सह्या, माझं नाव बरोबर, आणि तारीखच नाही.

मग मी शटलची तिन्ही दिवसांची तिकिटं शोधली, पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. तारीख आणि वेळ छापलेली आहे, थोडी फिकट झालीय पण वाचता येते. झेरॉक्स काढून बिलाला टोचली आणि फाइल बंद केली.